मारुतीचा शनिवार

डॉक्टरकाकांच्या बगीच्यात पहिला नियम असा होता की जनावराशी बोलायचं नाही. गोंजारायचं नाही, लाडाचं नाव द्यायचं नाही, पिंजऱ्यासमोर उगाच रेंगाळायचं नाही. पाला टाकायचा, पाणी बदलायचं, घाण काढायची आणि मुकाट्यानं बाहेर यायचं. माझ्यासारख्या बाईला हा नियम म्हणजे शिक्षाच होती. शाळेत मी सकाळभर पोरींवर "गप्प बसा वो" म्हणून ओरडायची आणि स्वतः झोपेतही बोलायची, असं आमचे हे सगळ्यांना सांगत फिरायचे. पण काका ऐकायचे नाहीत. "बाई, इथं आलेलं जनावर आपल्या मायेत पडलं का मेलं समजा. त्याले परत जंगलात जायचं हाय. माणसाची भीती मोडली तर पहिल्याच गावात कोणी काठी घालंन त्याच्या डोक्यात."

हे काका गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक घर बांधतात, यांनी सौंसरच्या बाहेर, जामसांवलीच्या रस्त्याला, आपल्या संत्र्याच्या बगीच्यात जखमी जनावरांचा दवाखाना मांडला. फॉरेस्टवाले त्यांना काय काय आणून द्यायचे. विहिरीत पडलेला कोल्हा, तारेला लागलेलं घुबड, कुत्र्यांनी फाडलेला मोर, कापसाच्या गाडीखाली सापडलेली घोरपड. एकदा तर पोत्यात घालून अख्खा अजगर आणला होता आणि आणणारा माणूस पोतं खाली ठेवून जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. बरं झालं की जनावर सोडून द्यायचं. पगार कोणालाच नव्हता. आम्ही गावातली चार-दोन माणसं आपापल्या सवडीनं जायचो.

मी का जायची? खरं सांगू, सासूबाईंपासून दुपारची सुटका म्हणून. शाळा सकाळची. दुपारी घरी बसलं की सासूबाईंच्या ओळखीच्या बाया यायच्या आणि माझ्या पोटाकडे पाहून "काही विशेष?" असं विचारायच्या. विशेष एकदा झालं होतं आणि तिसऱ्या महिन्यात संपलं होतं.  त्या चौकशांपेक्षा अजगर बरा होता. तो निदान काही विचारत नव्हता.

तर ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात मला पुन्हा दिवस राहिले होते आणि पाचवा लागला होता. सासूबाईंनी फर्मान काढलं, "पोटुशी बाईनं वांदराचं तोंड पाहू नये. लेकरू तसंच होते." मग यांच्या वेळी तुम्ही काय पाहिलं होतं, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या. गिळलं. पण जाणं काही बंद केलं नाही. तिसरा ओलांडून पाचवा लागला म्हणून मी खूश होते, अंगात उत्साह होता, आणि काका म्हणाले होते की जड काही उचलू नका, फक्त पाला टाका.

दिवाळी होऊन गेल्यावर जवळच्या एका खेड्यातून वांदर आलं. आलं म्हणजे वाजत-गाजत आलं. बैलगाडी, पुढे टाळ वाजवणारी भजनी मंडळी, आणि गाडीत भगव्या कपड्यात गुंडाळलेलं भलं मोठं काळतोंडं वांदर, कपाळाला शेंदूर फासलेलं. गावच्या मारुतीच्या देवळासमोर कुत्र्यानं त्याची मांडी फाडली होती. देवळासमोर पडलं म्हणून ते आता साधं वांदर राहिलं नव्हतं, साक्षात मारुती झालं होतं. भजनाचे म्होरके एक म्हातारे पाटील होते. ते काकांना हात जोडून म्हणाले, "डाक्टर, देव हाय आमचा. बरा झाला का वाजत-गाजत घेऊन जाऊ, असा नवस बोललो आम्ही."

काकांनी टाके घातले. वांदर बरं व्हायला लागलं. दर शनिवारी ती मंडळी नारळ घेऊन दर्शनाला यायची आणि काका त्यांना फाटकावरच अडवायचे. "शिरा देऊ नका त्याले, पोट फुगंन. तो पाला खाणारा हाय." मंडळी ऐकून घ्यायची, फाटकाला हार घालायची आणि तिथंच आरती म्हणून परत जायची. मला मजा वाटायची. वांदर गुणी होतं. आमच्याकडे पाठ करून बसायचं, चिंचेचा पाला मन लावून खायचं. माणसाकडे पाठ करतं म्हणजे लवकर सुटणार, असं काका म्हणायचे.

मग एका दुपारी ते मला चावलं.

मी पिंजऱ्याच्या खालच्या झडपेतून पाला सरकवत होते, रोजच्यासारखाच. ते कोपऱ्यातून एकदम आलं, माझं मनगट धरलं आणि अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. मी किंचाळले. त्यानं सोडलं, आणि मागे जाऊन जाळीला डोकं लावून उभं राहिलं. काका धावत आले. त्यांनी माझा हात विहिरीच्या पंपाखाली धरला आणि कपडे धुवायच्या साबणानं घासत राहिले, घासत राहिले, मी "पुरे हो काका" म्हटलं तरी घासत राहिले.  

हात पुसून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, लपवून ठेवत नाही. त्या गावात ज्या कुत्र्यानं याले फाडलं, त्यानंच एका म्हशीलेही चावलं होतं. ती म्हैस परवा हंबरून हंबरून मेली. लाळ गळत होती."

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. मी वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे म्हशीला काय झालं होतं?"

"पिसाळलेलं कुत्रं होतं, बाई."

माहेर माझं पांढुर्ण्याचं. दरवर्षी गोटमारीत एकमेकांवर दगड फेकणारी पांढुर्ण्याची माणसं दगडाला भीत नाहीत म्हणतात. मी भ्याले. माझे दात वाजायला लागले. भर दुपारी, उन्हात उभी राहून, मला अशी हुडहुडी भरली की काकांनी आपली शाल आणून माझ्या अंगावर टाकली.

सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर होती. तरुण होती, बाहेरगावची, नुकतीच बदलून आलेली, बोलणं अगदी खटाखट. तिनं हात पाहिला, पोट पाहिलं आणि म्हणाली, "चौदा इंजेक्शनं. पोटात."

"पोटात लेकरू आहे माझ्या," मी म्हटलं.

"कातडीत देतात. लेकरू आत असतं. त्याला पत्ताही लागत नाही. गर्भारणींना किती दिलीत मी!" असं म्हणून ती हसली. ते हसणं मी घट्ट धरून ठेवलं. दुसरं धरायला काही नव्हतंच. मग कळलं की दवाखान्यात ती इंजेक्शनं शिल्लक नाहीत. छिंदवाड्याहून छोट्या लाइनच्या आगगाडीनं येतील, सोमवारी. तोवर वांदर खातं-पितं का त्यावर नजर ठेवा, पिसाळलेल्याला पाणीही गिळत नाही, असं ती म्हणाली. सुरू करायचीच, पण वांदर धडधाकट राहिलं तर मधेच बंद करता येतील.

बंद करता आली असती तर मला हवीच होती. कारण त्या इंजेक्शनांनीही माणसाचे पाय जातात, असं आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे कोणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांच्या मामाच्या गावात असा एकेक माणूस होता. घेतली तर पाय जाणार आणि पोटातल्याचं काय होईल सांगता येत नाही. नाही घेतली आणि वांदर पिसाळलेलं निघालं, तर मी जाणार आणि माझ्यासोबत तेही जाणार. इकडे आड आणि तिकडे विहीर. मधे मी, मोठं पोट घेऊन.

घरी सासूबाईंनी वाटीत तिखट काढूनच ठेवलं होतं. "जखमेत मिरची भर. जहर उतरते. आमच्या बाबांनी असंच केलं होतं."

"मग काय झालं तुमच्या बाबांचं?"

"मेले. पण ते मागून, तापानं."

त्याही स्थितीत मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी अशी रडले की सासूबाईंनी वाटी बाजूला ठेवली आणि माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नुसत्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

आमचे हे पांढुर्ण्याला हायस्कुलात शिकवायचे, रोज एसटीनं जायचे. त्यांनी रजा टाकली. हे शांत माणूस. घराला आग लागली तरी आधी चष्मा शोधतील. पण मी पाण्याचा ग्लास उचलला की ते बोलायचे थांबायचे. मी पिऊन ग्लास खाली ठेवला की पुढचं वाक्य. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चिडून म्हटलं, "काय पाहून राहिले जी? पिऊन राहिली ना मी?" ते म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि उठून अंगणात गेले.

मग मी काकांचा नियम मोडला. सकाळ-संध्याकाळ बगीच्यात जाऊन पिंजऱ्यापासून दूर उभी राहायची आणि वांदराशी बोलायची. काका पाहायचे आणि काही म्हणायचे नाहीत. "खाय रे बाप्पा. एक पान खाय. तुले काय झालं? काहीच नाही झालं. मीच हात मधे घातला असंन. खाय." माझं सगळं त्याच्या तोंडाकडे लागलं होतं. ते तोंड चाललं तर माझं लेकरू वाचलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं एक डहाळी ओढून घेतली आणि दोन-तीन पानं चावली. गिळली का, ते काही दिसलं नाही, पण मी घरी येऊन आनंदानं दोन भाकरी खाल्ल्या.

शनिवारी सकाळी काका औषधं आणायला नागपूरला गेले होते. शाळा सुटल्यावर मी आणि हे सायकलनं बगीच्यात पोचलो. मी मागे कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, पोट सांभाळत. फाटक उघडं होतं. आत जमिनीवर गुलाल. नारळाच्या करवंट्या. आणि पिंजऱ्याचं दार सताड उघडं.

बगीच्याचा माळी संत्र्याच्या झाडाखाली हात बांधून उभा होता. "ते लोक आले न, बाई. आरती केली, दार उघडलं. वांदर आपल्या पायानं बाहेर आलं, गरीब गायीवाणी गाडीत बसलं. सगळे म्हणाले, पाहा, देव स्वतःहून येऊन राहिला. मी काय मारुतीले अडवू?"

"पिसाळलेलं असंन तर?" मी ओरडले. "काकांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं ना. मी त्यायले बोललोही. ते म्हणाले, तोंड सांभाळ."

सायकल पुन्हा रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या, एक-दोघींनी मान वर करून पाहिलं. हे जोरात पेडल मारत होते आणि प्रत्येक खड्ड्याला "दुखलं काय, दुखलं काय" विचारत होते. मला खड्डे कळतच नव्हते. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ते झाडावर चढून जंगलात निघून गेलं तर मला कधीच कळणार नाही. आणि न गेलं, सापडलं, तर कळेल. दोन्हींत कशाला जास्त भ्यावं तेच समजत नव्हतं. टाळांचा आवाज गाव दिसायच्या आधी ऐकू आला.

देवळाच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, वांदर बसलेलं होतं. गळ्यात झेंडूचा हार. डोक्याला ताजा शेंदूर. समोर पळसाच्या पत्रावळींवर केळी, भिजवलेला हरभरा, गूळ, शिऱ्याचा डोंगर. सगळं गाव जमलेलं. मी सायकलवरून उतरले तशी एक म्हातारी माझा दंड धरून, डोळ्यांत पाणी आणून, म्हणाली, "ये वो माय, दर्शन घे. सकाळपासून एक दाणा नाई शिवला त्यानं. पाण्याचा घोटही नाई. शनिवार धरला मारुतीनं!"

मी गर्दीतून वाट काढत ओट्याजवळ गेले.

सगळे कौतुकानं तेच सांगत होते एकमेकांना. शनिवार हाय, उपास करून राहिला देव. मारुतीचाच वार, मारुतीलाच उपास. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. मी पाहिलं तर त्याचा खालचा जबडा सैल लोंबत होता आणि लाळेची तार हारावर उतरत होती. डोळे उघडे होते, पण कुठंच पाहत नव्हते. आणि एक बाई आपल्या कडेवरचं तान्हं खाली घेऊन त्याचं कपाळ वांदराच्या पायाला लावायला वाकली होती.

मी अशी ओरडले की टाळ थांबले. "उचल! लेकरू उचल! शिवू नको!"

त्या बाईनं दचकून लेकरू छातीशी घेतलं. सगळं गाव माझ्याकडे वळलं. पाटील पुढे आले. "बाई, देवापाशी असं वरडत नाईत."

मी हात दाखवला. पट्टी सोडून दाखवली. "मला चावलं हे. तुमची म्हैस कशानं मेली, तुमच्याच गावातली? त्याच कुत्र्यानं याला चावलं होतं. त्याची लाळ पाहा!"

"अवं, लंका जाळून आला तो," पाटील म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले, "शेपटीले आग लावून आला, केसाले धक्का नाई लागला. त्याले कुत्र्याचं जहर काय करंन?"

 मीही मारुतीला मानणारी. लहानपणापासून शनिवारी तेल वाहिलेलं. आमचे हे मागून हळूच म्हणाले, "चल, निघू. माणसं चिडून राहिली." चिडलीच होती. दोन-तीन तरुण पुढे सरकले होते. मी भ्याले होते त्यांना, पण त्या तान्ह्याचं कपाळ मला दिसत होतं, आणि निघाले असते तर ती बाई पुन्हा वाकली असती. काय सुचलं देव जाणे, मी म्हटलं, "बरं. उपास आहे ना त्याचा? मग उपासाला पाणी चालते की नाही? शनिवार काय निर्जळी असते? द्या त्याला पाणी. प्यायला तर मी सगळ्यांच्या पाया पडते आणि जाते."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. म्हातारी म्हणाली, "खरं हाय. शनिवारले पाणी चालते."

पाटलांनी परात भरून आणायला लावली. यांनी ती घेतली, लांब काठीनं सरकवत सरकवत ओट्यावर वांदरासमोर नेली.  आणि मी, जिनं हे सगळं मांडलं, ती हात जोडून उभी. खोटं ठरव मला. या सगळ्या गावासमोर मला वेडी ठरव, हसू दे यांना, दगड मारू दे. फक्त पी. पी रे बाप्पा, पी. माझ्या लेकरासाठी पी.

वांदर वाकलं.  त्यानं तोंड पाण्यात घातलं, चांगलं नाकापर्यंत, आणि वर काढलं. दोन्ही बाजूंनी पाणी जसंच्या तसं खाली आलं, हारावर, पोटावर. ते पुन्हा वाकलं. पुन्हा तसंच. त्याला तहान होती हो. केवढी तहान होती. तिसऱ्यांदा वाकलं, तोंड पाण्यात ठेवून तसंच राहिलं, आणि घशातून असा काही आवाज आला की पोट्टी रडायला लागली.

शनिवार धरला म्हणणारी म्हातारीच बोलली, अगदी हळू. "गिळता येऊन नाई राहिलं त्याले."

बाया एकेक करून मागे झाल्या. आया लेकरांचे हात आपल्या पदरांनी पुसायला लागल्या, मग धावत विहिरीकडे गेल्या. पाटील तिथंच उभे होते, टाळ हातात. मी खाली मातीत बसले.  यांनी मला धरून देवळामागच्या सावलीत नेलं.

नागपूरहून परतलेले काका तिथं पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्यांनी दुरून पाहिलं आणि मला म्हणाले, "तपासायचं काही राहिलं नाही, बाई." जाड गोणपाटात घेऊन त्यांनी त्याला परत नेलं. दुसऱ्या दिवशी ते बगीच्यात मेलं. गावानं त्याला टाळ-मृदंगात नेऊन पुरलं. मला राग नाही आला. माझी इच्छा असती तरी मी जाऊ शकले नसते, एवढंच.

सोमवारी छोट्या गाडीनं बर्फाच्या डब्यात इंजेक्शनं आली. दवाखान्यात त्या गावातलीही माणसं आली होती, ज्यांनी ज्यांनी त्याला हातानं भरवायला पाहिलं होतं, उचललं होतं, ती सगळी. पाटीलही होते. बाकावर माझ्या बाजूला बसले. खाली पाहत म्हणाले, "पोरी, मी आजा हाय नऊ नातवांचा. सगळ्यायले मीच त्याच्या पाया पाडलं." तेवढ्यात मला आत बोलावलं.

मी त्या सुईचं वर्णन करणार नाही. माझ्या पोटावरून सासूबाईंनी लुगड्याचा काठ बाजूला केला आणि लेकरू जिथं लाथ मारायचं तिथं आपला तळहात ठेवला. "इकडं नको देऊ वो बाई. इकडं ते हाय." लेडी डॉक्टर हसली. "अहो आजी, किती दिलीत मी. तुम्ही निश्चिंत राहा." मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती हसते आहे तोवर ठीक आहे, असं मी ठरवलं होतं. रोज गेले की आधी तिचा चेहरा पाहायची. एक दिवस ती हसली नाही, तर मी दारातूनच परत फिरले. यांनी धरून आणलं. तिचं म्हणे त्या दिवशी डोकं दुखत होतं.

पोट सुजलं, दगडासारखं झालं. कूस बदलता येईना. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पायाची बोटं हलवून पाहायची. हलली की मग डोळे उघडायचे. एकदा सकाळपासून दुपारपर्यंत लेकरू हललंच नाही. मी कोणाला सांगितलं नाही, सांगितलं तर खरं होईल असं वाटलं. संत्र्याची फोड खाल्ली, गार पाणी प्याले, पोटावर थापटलं, त्याला शिव्या दिल्या. संध्याकाळी त्यानं अशी लाथ मारली की हातातली पळी पडली. मी चुलीसमोर बसून मोठ्यानं रडले आणि सासूबाई धावत येऊन "काय झालं, काय झालं" करत माझ्यासोबत रडायला लागल्या. काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

इंजेक्शनं संपली. भीती संपली नाही. हा रोग महिनोनमहिने दबा धरून बसतो, असं कुठल्या शहाण्यानं यांना सांगितलं होतं. कोणी, ते मला अजूनही सांगत नाहीत. मी तहान नसताना पाणी प्यायची, नुसतं पाहायला. शाळेत तास चालू असताना प्यायची. पोरी हसायच्या.

चैत्रात मुलगी झाली. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरच्या हातून. झाली तशी रडली, दूध प्यायली, हातपाय झाडले. सासूबाईंनी सगळी बोटं मोजली, दोनदा. वांदरासारखी दिसते का ते पाहून घेतलं, असा मला संशय आहे. यांनी पेढे वाटले आणि स्वतःच सगळ्यात जास्त खाल्ले.

संध्याकाळी डॉक्टर आली. ड्यूटी संपली होती, हातात तिची पर्स होती. स्टुल ओढून माझ्या खाटेजवळ बसली आणि पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मी म्हटलं, "काय हो?"

"एक सांगू? रागावू नका."

"सांगा ना."

"गर्भारणीला ते इंजेक्शन मी तुमच्याआधी कधीच दिलं नव्हतं. एकदाही नाही. पुस्तकात पाहिलं होतं फक्त. रोज तुम्ही गेलात की मी दार लावून बसायची. बाहेर पेशंट ओरडत असायचे."

 मुलगी झाली होती, दूध पीत होती, सगळं पार पडलं होतं, आणि मला पुन्हा अशी थंडी भरली की खाट हलायला लागली. त्या पोरीच्या हसण्यावर मी चौदा वेळा पोट उघडं केलं होतं. मला इतका राग आला की ओरडावं, दवाखाना डोक्यावर घ्यावा, सासूबाईंना बोलवावं. मी तोंड उघडलंही. मग मला तिचा चेहरा दिसला. आज ती हसत नव्हती, आणि माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असेल.

"घ्या," मी म्हटलं आणि मुलगी तिच्या मांडीवर दिली. तिचे हात इतके कापत होते की मला खालून आपला हात धरून ठेवावा लागला.